मोड एक, मोड दोन

विमान घ्यायचं वडिलांच्या मनात आलं, तेव्हा त्यांच्या डाव्या हाताला चहाचा कपही पेलत नव्हता. पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेला होता. पाय सावरला, बोलणं सावरलं. हात मात्र मांडीवर पडून असायचा, दुसऱ्याचा असल्यासारखा. बोटं हलती ठेवा म्हणून डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू त्यांनी कुत्र्याला देऊन टाकला. मग मोबाइलवर कुणीतरी रिमोटचं विमान उडवताना पाहिलं आणि मला म्हणाले, "ह्ये जमंल मला."

फौजेतली निम्मी नोकरी विमानतळाच्या फाटकावर पहारा देण्यात गेलेला माणूस. विमानं रोज बघितली, हात कधी लावला नाही. नको म्हणायला माझी जीभ रेटेना. पण भीती वाटत होती. विमान पडेल याची नाही. ते पडलं की वडील हाताची आशाच सोडतील, याची.

म्हणून निवडायला मीच बसले आणि माझी झोप उडाली. त्यांना लढाऊ विमानासारखं हवं होतं. मी वाचलं होतं, की नवशिक्याने फोमचं घ्यावं, पंख पाठीवर असलेलं, सावकाश उडणारं. रिमोटच्या दांड्या सोडल्या तरी आपोआप सरळ होणारं. त्यांनी फोटो बघितला. "ह्यो तर थर्माकोल हाय. गणपतीच्या मखराचा."

पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "रिमोट कुठल्या मोडचा देऊ? मोड एक की मोड दोन?"

स्पीकर चालू होता. वडिलांचा चेहरा उतरला. "अजून घेतलं न्हाई, तवर मोड कशाला म्हनतोय त्यो?"

आमच्याकडे नारळ फोडला तरी 'वाढवला' म्हणतात. नव्या वस्तूपाशी मोडायचं नाव काढलेलं त्यांना कसं खपणार? मी समजावलं, की ही नुसती दांड्यांची मांडणी. मोड दोनमध्ये वर-खाली आणि वळणं उजव्या हाताला, डाव्याला फक्त वेग. विमान पडायला लागलं, की डावी दांडी झटकन खाली ओढून पुढचा पंखा बंद करायचा, म्हणजे तो तुटत नाही.

"मग दोनच सांग," ते म्हणाले. "त्येवढं तरी करू दे डाव्याला."

कोरेगावजवळ आमचं सोयाबीन निघालेलं रान होतं. तिन्ही बाजूंना ऊस; त्यात पडलेलं विमान तोडणीलाच सापडायचं. रिमोट पट्ट्याने त्यांच्या गळ्यात अडकवला. डावा अंगठा मीच उचलून दांडीवर ठेवला, दांडी वर सरकवून मोटार चालू केली. मग विमान हाताने फेकलं.

ते वर गेलं. वाऱ्याने ते उसाकडे सरकलं, वडिलांनी वळवलं, आणि वळताना त्याचं नाक खाली झालं. मी डोळे मिटून घेतले. मोटारीची घरघर थांबली, आणि त्यानंतर धप्प आवाज आला.

धावत जाऊन उचललं. एक पंख मधोमध तुटला होता. पुढचा पंखा मात्र शाबूत होता. ते हातात घेऊन मी परत आले.

"झाला मोड एक," वडील म्हणाले. "डिंक लावून आता मोड दोन करू."

मला हसू येईना. मी त्यांच्या रिमोटकडे बघत होते. डावी दांडी तळापर्यंत ओढलेली होती.

"आबा, मोटार कुणी बंद केली?"

त्यांनी खाली बघितलं. डावा अंगठा अजून दांडी दाबून होता.