पुढची खोली मोकळी होणार नाही

काल दुपारी साडेचारला आत्याला स्मशानात पोचवून आलो. अंगणात पाय धूत होतो, तेवढ्यात आण्णांनी विचारलं, "पुढची खोली कवा मोकळी करायलास?"

मी म्हणालो, "नाही करणार."

वडिलांना असं उत्तर मी कधी दिलं नव्हतं. तांब्या खाली ठेवला.

बदनापूरला आमच्या घरी जे येऊन गेलेत, त्यांना ती खोली माहीत आहे. बाकीच्यांसाठी लिहितो.

आत्या म्हणजे आण्णांची थोरली बहीण. तिला अंकुशनगरला दिली होती. नवऱ्यानं दुसरी बायको आणली, त्याच दिवशी आत्यानं आपली शिलाई मशीन तिथल्या साखर कारखान्याच्या एका रिकाम्या ट्रकमध्ये टाकली आणि माहेरी आली.

भांडीकुंडी तिथंच सोडली. मशीन नाही सोडली.

इथं तिला मागची खोली मिळाली. खिडकी नाही. भर दुपारीसुद्धा बल्ब लावावा लागायचा. लाईट गेली की काम बंद. त्या अंधारात तिनं वीसेक वर्षं गोधड्या शिवल्या.

लोक जुनी लुगडी, धोतरं, शर्ट आणून द्यायचे. घरातलं माणूस गेलं की त्याचेही कपडे आणायचे, आठवण म्हणून पांघरायला. मयताचं कापड दुसरं कुणी घरात घेत नसे. आत्या घ्यायची.

"धुतलं की कापडच हाय," म्हणायची.

मी नववीतून शाळा सोडली आणि तिच्याजवळ बसायला लागलो. टाका सरळ येत नव्हता तोपर्यंत तिनं मला फक्त उसवायला दिलं.

मग सहा वर्षांपूर्वी गल्लीत अफवा उठली. म्हणे आत्या मयताच्या कापडाचे तुकडे बारक्या लेकरांच्या गोधडीत घालते.

एक बाई नातवाची गोधडी घेऊन आली आणि आमच्या दारात फेकली.

आत्यानं ती भर रस्त्यात पसरली. ब्लेडनं टाके उसवले. एकेक थर काढून त्या बाईच्या हातात देत गेली.

"हे तुझं लुगडं. ह्यो तुझ्या नवऱ्याचा शर्ट, खिशाला शाईचा डाग हाय बघ. ही तुझ्या सुनंची साडी. आता ह्यात मयत कोणतं, ते तू दाखव."

बाईनं सगळे थर छातीशी गोळा केले. मग हळूच म्हणाली, "शिवून दे परत."

"देते की. पर आता समद्यांच्या देखत शिवते."

दुसऱ्या दिवशी आण्णा जालन्याला गेल्ते. आम्ही दोघांनी पुढच्या खोलीतला बाक आणि खुर्च्या मागं नेल्या. मशीन दाराजवळ, उजेडात. डाव्या भिंतीला जित्या माणसांची कापडं, उजव्या भिंतीला गेलेल्यांची. प्रत्येक घराचं बोचकं वेगळं, खुंटीला टांगलेलं, रस्त्यावरून दिसेल असं.

खुंट्या मी दोरी ताणून, अगदी एका रेषेत ठोकल्या. माझ्या उंचीला.

आत्या म्हणाली, "मी काय शिडी घिऊन शिवू?"

सगळ्या काढून पुन्हा ठोकल्या.

मधली जमीन रिकामी. तिथं काही ठेवायचं नाही, कारण गोधडी तिथंच अंथरायची. उठायच्या आधी बिघडलेल्या रेडिओतलं चुंबक दोरीला बांधून फरशीवरून फिरवायचं, म्हणजे पडलेली सुई कुणाच्या पायात जात नाही.

संध्याकाळी आण्णा आले आणि उंबऱ्यातच थांबले.

"आगं, पाव्हणे कुठं बसतेन?"

"गोधडीवर बसतेन. न्हाईतर तुझे पाव्हणे येतेत कवा? उधारी मागायला."

"आन् मयताची कापडं भिंतीला टांगलीस व्हय?"

"आपल्या बापाचा फोटू बी भिंतीलाच हाय की. त्यो काय जिता हाय?"

आण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. तिनं त्यांचं ताट मात्र रोज वाढलं, आणि खोली सोडली नाही.

लोक म्हणायचे, बाईमाणूस घराची बैठक बळकावून बसली. बळकावली. बिलकुल बळकावली. तिच्या आयुष्यात मागून मिळालेली एकच खोली होती, तीही बिनखिडकीची.

आज सकाळी मागच्या आळीतल्या राधाकाकू आल्या. त्यांच्या सासूची लुगडी आमच्याकडं आहेत.

"दे बाबा माझं बोचकं. आता कोण शिवणार?"

"मी शिवणार."

"तू? गडीमाणूस गोधडी शिवतो का कुठं?"

"गावातले समदे शिंपी गडीच हाईत ना काकू? त्यांच्याकडं ब्लाऊज टाकता की तुम्ही."

काकूंनी तोंडाला पदर लावला. सुतकाच्या घरात हसावं की नाही, ते त्यांना कळेना.

"टाके वाकडे आले तर पैसे देणार न्हाई."

"नका देऊ."

बोचकं खुंटीलाच ठेवून काकू गेल्या.

आण्णा आत बसून सगळं ऐकत होते. बऱ्याच वेळानं बाहेर आले. दारात उभं राहून मशीनकडं बघितलं. डोळे लाल होते त्यांचे. बहीणच ती शेवटी.

मला वाटलं, पुन्हा तेच विचारतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

म्हणाले, "तेराव्याला मान्सं लई येतेन. मंडपवाल्याला सांग, अंगणात मोठा टाक म्हणावं. घरात जागा न्हाई."

एवढंच.

सुतकात सुईला हात लावत नाहीत, मला माहीत आहे. मी लावणार नाही. आणि सुतकात सायबर कॅफेत कसा आलास, हे कुणी विचारू नये. मला हे आजच लिहायचं होतं.

ज्यांची कापडं आमच्याकडं आहेत, त्यांनी ती परत न्यायला येऊ नये. तेरावा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला बसेन. दार उघडं ठेवून बसेन. ज्याला हसायचं असेल त्यानं रस्त्यावरून हसत जावं.

आत्या, तू जा आता. इकडचं मी बघतो.