कोपराचं माप

सकाळी देवाला हात जोडण्याआधी दसरथकाका उजवा हात तलावात घालायचे. पंजा आडवा धरून हळूहळू खाली न्यायचा आणि तो दिसेनासा झाला की थांबायचं. हात कोपरापर्यंत भिजला की काका खूश. "लय खोल दिसला तं मासा उपाशी. मनगटापाशीच गायब झाला तं मासा मरते," असं ते सांगायचे. साकोलीजवळच्या आमच्या गावात तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून त्यांचं घर, शेजारी आमचं. सगळ्या ढिवर घरांचं वर्ष याच तलावाच्या माशांवर निघायचं.

मी विज्ञानाची शिक्षिका. पाण्यात पंजा झाकणाऱ्या त्या हिरवटीला प्लवक म्हणतात, हे मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं आणि वर समुद्राचंही ऐकवलं होतं. "पावसाळ्यात किनाऱ्याच्या कडेने वाहणारा वारा समुद्राचं वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो. मग तळातलं थंड पाणी वर येतं, सोबत खत आणतं, समुद्र हिरवा होतो आणि मासळी जमते." समुद्र मीही पाहिलेला नव्हता.

काका बिडी विझवत म्हणाले, "म्हणजे समुदरालेही वाराच पोसते? मंग तुह्या शाळेत मले काहून नाही ठेवत वं?"

त्यांना धास्ती होती ती वारा पडण्याची. आश्विनात ढग दाटले आणि पान हलेनासं झालं की त्यांचं जेवणातलं लक्ष उडायचं. "हिरवट रातच्याले पाण्यातली हवा खाऊन टाकते. वारा सुटला का पाणी घुसळते, मासा जगते. वारा माह्या हातात हाय का? माह्या हातात बांबू हाय." एका वर्षी तीन दिवस ते डोंग्यातून बांबूने पाणी झोडपत फिरले. आम्ही पाळीवरून हसलो. मूर्ख होतो आम्ही. चौथ्या दिवशी वारा सुटला आणि मासे वाचले.

गेल्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. तेव्हापासून हात घालायचं काम माझ्याकडे आलं. शाळेत जाण्याआधी तलाव गाठायचा आणि लगेच त्यांच्या खाटेशी जाऊन माप सांगायचं.

यंदा दसरा झाला आणि वारा पडला. माप रोज बोटा-दोन बोटांनी घटत गेलं. एका सकाळी माझा पंजा मनगटापाशीच नाहीसा झाला. काठाला रोहू तोंडं वर काढून हवा गिळत होते. मच्छीमार सोसायटीची माणसं डोंग्यांतून पाणी झोडपत होती, तरी पलीकडे पांढरी पोटं तरंगायला लागली होती. काकांनी लकव्याआधी स्वतःच्या हातांनी सोडलेली बोटुकली, बोटाएवढी पिल्लं होती ती, आता हातभर वाढलेली. मी काय करणार होते? वाऱ्याला काय फोन लावायचा?

"सांग," काका म्हणाले.

"कोपर. चांगलं आहे पाणी, काका."

ते दाराकडे बघत होते. तोरणाचं एक पानही हलत नव्हतं. त्यांनी डावा हात पुढे केला, माझं कोपर चाचपलं आणि बोटं हळूहळू खाली मनगटापर्यंत आणली.

"कोपर तं कोरडं हाय, पोरी."

मला रडूच फुटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं. बाहेरून पाणी झोडपल्याचा आवाज येत होता. दुपारी, वारा न सुटताच, तो थांबला, तेव्हा त्यांनी माझा हात सोडला.