खुनांच्या गावात केतकीचं एक वाक्य

ज्या गावी आम्ही निघालो होतो, तिथे आतापर्यंत सहा खून झाले होते. वस्ती म्हणाल तर आमच्या मिरजेच्या एका गल्लीत मावेल एवढी! खून अर्थात तिथे चित्रित होणाऱ्या टीव्ही मालिकेतले. पण लेकीकडे आल्यापासून मी त्या मालिकेचे सगळे भाग पाहून टाकले होते. त्यामुळे गाडीतून उतरल्या उतरल्या धक्क्यावर जाळं आवरणाऱ्या म्हाताऱ्याकडेसुद्धा मी संशयानेच पाहिलं.

माझी लेक केतकी आयर्लंडमधल्या स्लायगोच्या इस्पितळात डॉक्टर आहे. या मालिकेत गावकरी हौसेने बारीकसारीक कामं करतात. गावातल्या ब्रीडाबाईंचे यजमान केतकीच्या वॉर्डात होते, तेव्हापासून बाईंचा तिच्यावर जीव. डॉक्टरच्या एका वाक्याच्या कामासाठी त्यांनी दिग्दर्शिकेला हिचंच नाव सुचवलं. तेव्हापासून पोरगी आरशासमोर ते वाक्य घोकत होती.

“आई, जमलं नाही तर त्यांनी डब्लिनची नटी तयार ठेवलीय. ब्रीडाने शब्द टाकलाय गं माझ्यासाठी. तिचं नाक कापलं जाईल,” ती गाडीत दर वळणाला म्हणत होती. डावीकडे करडा समुद्र, उजवीकडे विळीने कापल्यासारखा सपाट माथ्याचा डोंगर. पण तिचं कशाकडेच लक्ष नव्हतं.

गावात पोचल्यावर मला बाथरूमला जायचं होतं. समोर पोलीस ठाणं दिसलं. सरकारी जागा आहे, सोय असेलच, म्हणून बिनधास्त दार ढकललं, तर आत लोकरीचं दुकान! पाटी तेवढी मालिकेची. दुकानदारीणबाई हसून म्हणाल्या, “या या, आठवड्याला कोणी ना कोणी तक्रार नोंदवायला येतंच.” त्यांनी मागचं दार दाखवलं आणि निघताना एक लोकरीची टोपीही माझ्या गळ्यात मारली.

दुपारी ब्रीडाबाईंकडे चाउडर (माशांचं दुधातलं दाट सार) आणि गव्हाचा जाडसर पाव खाल्ला. त्याला ओल्या मिरचीचा ठेचा हवा होता, पण चव छान होती. केतकीने चमचा नुसता फिरवला. “यू'ल बी ग्रँड,” बाई तिच्या पाठीवर थाप मारत म्हणाल्या, म्हणजे मस्त जमेल तुला. इथे आजारपणापासून लग्नापर्यंत सगळं ग्रँडच असतं.

प्रसंग ‘वेक’चा होता. वेक म्हणजे मयताला घरात ठेवून सगळ्या गावाने सोबतीला बसायचं. एका तरुण कोळ्याचा मृतदेह समुद्रात सापडलेला. डॉक्टर येते, त्याची आई तिच्या हातात चहा देते आणि डॉक्टर सांगते, “तुमचा मुलगा बुडून गेलेला नाही.” म्हणजे हा सातवा खून. मलाही शेजारीण म्हणून खुर्चीत बसवून हातात कप दिला होता.

पहिल्यांदा केतकीच्या हातातली बशी खडखडली. दुसऱ्यांदा वाक्य असं बाहेर पडलं, की जणू शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांचं स्वागत करतेय. दाराशी डब्लिनची नटी कोट काढायला लागली. ब्रीडाबाई खाली बघत होत्या.

तेवढ्यात दिग्दर्शिका माझ्याकडे वळली. “तुमचा कप अजून भरलेलाच कसा? सगळे पिताहेत.”

खरं सांगते, मी मुद्दाम काही केलं नव्हतं. समोर शवपेटी, तिच्याजवळ रडवेली आई, आणि चहा काही घशाखाली उतरेना. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, “आमच्याकडे मयताच्या घरी चहापाणी घेत नाहीत. त्या घरची चूलच पेटत नाही. आम्ही नुसतं जवळ जाऊन बसतो.”

ते ऐकून दिग्दर्शिका केतकीला म्हणाली, “तुझ्या हातातला कप काढून टाकू. तू कशी बसशील, तशी बस.”

केतकी आत आली. कप पुढे करणाऱ्या त्या आईचा हात तिने हलकेच खाली केला आणि सरळ तिच्या पायाशी जमिनीवर बसली. त्या आईने मान वर करेपर्यंत थांबली. मग तिच्या डोळ्यांत बघत, हळू आवाजात, पण एकही शब्द न गिळता तिने ते वाक्य सांगितलं. आईचं काम करणारी नटी खरोखर रडायला लागली आणि केतकीने तिचा हात सोडला नाही. कॅमेरा थांबला. नंतर ब्रीडाबाईंनी केलेल्या टाळ्या अख्ख्या धक्क्यावर ऐकू गेल्या असतील.

परतताना मी विचारलं, “हे कुठे शिकलीस गं?”

“वॉर्डात,” ती म्हणाली. “सांगावं लागतं ना घरच्यांना.” आणि आता भूक लागली म्हणून चिप्ससाठी गाडी थांबवली.

मिरजेला आल्यावर मैत्रिणी जमल्या. केतकी टीव्हीवर आली म्हणजे नक्की काय झाली, याची त्यांना उत्सुकता होती. डॉक्टर झाली, म्हटल्यावर शेजारच्या नलूताईंचा विरसच झाला. “इश्श! म्हणजे रोज करते तेच की!”

“हो, तेच,” मी म्हटलं. पोरीचं शिक्षण, परीक्षा, नोकरी, सगळं मी अभिमानाने गावभर सांगत आले होते. पण माझी लेक रोज काय करते, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.