घामाचं वजन

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी सोलापुरात सायन्स कॉलेजात शिकत होतो आणि माझा धाकटा भाऊ तालमीत. घरात दोन्ही शिक्षणांना मान होता. खरं सांगायचं तर त्याच्या शिक्षणाला जरा जास्तच. मी वाऱ्यानं उडून जाईन असा काटकुळा, आणि तो दारातून आत आला की आमची एवढीशी खोली भरून जायची.

त्या वर्षी त्याच्यापुढं मोठी संधी होती. जिल्ह्याच्या निवड-कुस्त्यांत बासष्ट किलोच्या गटात तो पहिला आला, तर एका गिरणीत खेळाडू म्हणून त्याला कायमची नोकरी मिळणार होती. दर वर्षी तो याच गटात खेळायचा, कुस्त्यांआधी पोट मारून. पण आता अंग भरत चाललेलं आणि वजन गटाच्या वर गेलेलं. जेवायला बसला की तो अर्धीच भाकरी मोडायचा, उरलेली आईच्या ताटात सरकवायचा आणि म्हणायचा, "झालं माझं." मग आईलाही घास गोड लागायचा नाही.

त्याच सुमारास परदेशातून परतलेल्या एका डॉक्टरांनी आमच्या पेठेजवळच्या दवाखान्यात व्यायामाची खोली थाटली. मी मुद्दाम बघायला गेलो. एक जागेवरची सायकल होती. कितीही पाय मारा, ती तिथंच. दुसरं वल्ही मारायचं यंत्र. ज्या गावात प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं एक जाडजूड शेठजी फरशीवर बसून जीव खाऊन वल्ही मारत होते! भिंतीवर तक्ता लावला होता: कुठल्या यंत्रावर, कुठल्या व्यायामानं तासाला किती कॅलरी जळतात.

कॅलरी मला प्रयोगशाळेत भेटली होती, पाण्याच्या भांड्यात आणि थर्मामीटरच्या पाऱ्यात. तीच माणसाच्या अंगात जळते, आईनं थापलेली भाकरी हातापायांत जाऊन पेटते, हे वाचलं होतं. पण त्या तक्त्यासमोर ते मला पहिल्यांदा खरं वाटलं. अंगावर काटा आला. बाहेर पडलो तर रस्त्यावरचा प्रत्येक जीव मला पेटलेला दिसायला लागला. हमाल, टांग्याचं घोडं, नळावर भांडणाऱ्या बायका. सगळ्यांच्या आत चूल, आणि कुणाला त्याचा पत्ता नाही.

पण त्या तक्त्यात जोर नव्हते, बैठका नव्हत्या, आखाड्याचा हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, खणणं नव्हतं. मग आपणच मोजायचं, असं मी ठरवलं. आमचे वडील सुताच्या व्यापाऱ्याकडं वखारीत काट्यावर होते. आलेली-गेलेली प्रत्येक गाठ त्यांच्या हाताखालून जायची. त्याच काट्यावर भावाचा घाम तोलायचा. घाम म्हणजे कॅलरी नव्हे, एवढं मला कळत होतं. पण जिथं जाळ जास्त तिथं घाम जास्त, आणि भावाला तर वजनच उतरवायचं होतं. डॉक्टरही पैलवानाच्या मांड्या बघून खूश झाले आणि यंत्रं वापरायला दिली.

एक दिवस जोर-बैठका, एक दिवस हौदा खणणं, एक दिवस कुंभारी गावच्या रस्त्यानं धावणं, मग सायकल, मग वल्ही. प्रत्येक व्यायामाच्या आधी आणि नंतर भाऊ वखारीतल्या काट्यावर उभा राहायचा. तालमीतून आला की दांडी जेमतेम हलायची. धावून आला की थोडी जास्त. आणि सायकल, वल्ही? तिथं वजन असं उतरायचं की वखारीतले हमाल काम सोडून बघायला यायचे.

"सायबाचं डोकं हाय बाबा!" वडील म्हणायचे आणि न पाहिलेल्या यंत्राला तिथूनच हात जोडायचे.

भावानं तालीम सोडली आणि दोन्ही वेळा दवाखान्यात जायला लागला. तालमीचे वस्ताद म्हणजे पेठेतले म्हातारे मुसलमान पैलवान, माझ्या भावाला त्यांनीच घडवलेलं. त्यांनी दोनदा निरोप धाडला. आम्ही आमच्याच शोधात दंग.

कुस्त्या तोंडावर आल्या तेव्हा वस्ताद स्वतःच वखारीत आले. भाऊ सायकलवरून नुकताच आला होता, निथळत, दारातल्या वाऱ्यात उभा.

"गीला बदन लेके हवा में खडा क्या रे? मरना है क्या?" असं म्हणत त्यांनी फडक्यात बांधून आणलेली आखाड्याची माती त्याच्या पाठीला, छातीला, दंडाला खसाखसा चोळली. तालमीची रीतच ती. मेहनत झाली की हौद्यातली माती अंगाला लावायची, घाम मातीत जिरू द्यायचा. आंघोळ नंतर, सावकाश. मग भाऊ काट्यावर चढला. दांडी हलेचना. सायकलची सगळी जादू गेली कुठं?

वडील त्याच्या मातकट पाठीकडं बघत राहिले आणि एकाएकी त्यांनी कपाळावर हात मारला.

"आरं, बारदान! बारदान वजा करायचं इसरलो की आमी!"

गाठीच्या वरचं गोणपाट, त्याचं वजन वजा केल्याशिवाय त्यांनी जन्मात एक गाठ सोडली नव्हती. पण तालमीची माती अंगावर काही वेगळी असते, हे आमच्या मनातच आलं नाही. ती आम्हाला अंगाचीच वाटायची. तालमीतला सगळा घाम आम्ही त्या मातीसकट परत काट्यावर चढवत होतो. दुसऱ्या दिवशी भावानं हौदा खणला, अंग पुसून कोरडं केलं आणि वजन केलं, तर वल्ह्यांचं यंत्र मागं पडलं! मी थक्क झालो. एक फावडं, एक हौदा, आणि एवढा जाळ!

पण दिवस निघून गेले होते. भाऊ तालमीत परतला, पाव भाकरीवर आला, शेवटी पाणीही सोडलं.

निवडीच्या सकाळी एका शाळेच्या मैदानात वजनं झाली. तो अजून थोडा वर होता. घोंगडी पांघरून मैदानाला चकरा मारून आला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तव्यासारखी तापलेली आणि ठणठणीत कोरडी. घामच उरला नव्हता. पुन्हा काट्यावर चढला आणि दांडी पुन्हा वरच गेली. बासष्टचा गट गेला, म्हणजे नोकरी गेली. वडिलांनी तोंड फिरवलं.

वस्ताद मला एवढंच म्हणाले, "पानी पिला उसको." आणि त्याचं नाव वरच्या गटात घालायला गेले.

तो पाणी प्यायला, ते मी कधी विसरणार नाही. तांब्यामागून तांब्या. मग केळी, मग आईनं बांधून दिलेल्या भाकरी, सगळ्या. हळूहळू गालांवर रक्त चढलं, डोळ्यांत तेज आलं आणि कपाळावर घामाचे थेंब फुटले. एवढं विज्ञान शिकलो होतो, पण माणूस असा डोळ्यांदेखत परत येताना मी कधी पाहिला नव्हता. मी नुसता बघत राहिलो.

दुपारी माळशिरसचा एक धिप्पाड गडी त्याच्यासमोर आला. भाऊ हरला, पण गुणांवर. शेवटपर्यंत त्याची पाठ काही लागली नाही. दोनदा तर त्यानं त्या गड्याला उचललं, आणि सगळं मैदान ओरडत उठलं. असं लढताना मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. वडील त्याची समजूत घालायला पुढं झाले, तर हा धापा टाकत हसत होता.

"आण्णा," तो वडिलांना म्हणाला, "कुस्ती खेळताना भूक लागतीच असं न्हाय की. मला वाटायचं, समद्यास्नीच लागत आसंल."