मी हिची माय होय

"ह्या आमच्या गावाकडच्या बाई. बाळंतपणाच्या कामासाठी मुद्दाम आणल्यात."

माह्या विहिणीनं हे म्हणलं तवा माह्या हातात चहाचा ट्रे होता. हॉलमधी दहा-बारा बाया बसल्या होत्या, साऱ्या मराठी, साऱ्या काठापदराच्या साड्या नेसून. बाहेर इंग्लंडचं गारठलेलं आभाळ. मधात सोफ्यावर माही पोरगी कविता. सातवा महिना, हिरवी साडी, कापडी फुलांचा गजरा. डोहाळेजेवण होतं तिचं. माह्यापासून पाच हातावर बसली होती. तिनं ऐकलं. मी पाह्यलं ना, तिनं ऐकलं. आन् मान खाली घालून ती गालिच्याकडं पाहू लागली.

एक बाई म्हणाली, "अय्या, किती छान! मग तुमचं झालं की महिनाभर आमच्याकडे पाठवा ना."

"बघू," विहीण हसली. "व्हिसा सहाच महिन्यांचा आहे."

शेजारणीचा पाटा-वरवंटा मागावा तसं मागतलं मले. आन् मी काय केलं? चहा वाटला. एकेकीच्या हातात कप देला. सांगाले लाज वाटते, पण खोटं कायले बोलू?

दुसरीनं इचारलं, "यवतमाळ म्हणजे ते शेतकरी मरतात तेच ना?"

"ते खेड्यापाड्यांत हो," विहीण म्हणाली. "आम्ही शहरातले."

बोंडअळीच्या त्या वर्षी माह्या नवऱ्याले फवारणी करता करता अंधारी आली होती. कपाशीची पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, औषध तोंडावर उडे. तीन दिवसांत गेला. डोळे उघडेच होते, पण त्याले दिसत काही नव्हतं. हे सारं विहिणीले माहीत होतं. माहीत असून ती त्या बाईले बिस्किटाची बशी पुढं करत होती.

मी तिथं सहज नव्हती पोचली. व्हिसाच्या तिसऱ्या अर्जाले गेली.

मी महागाव तालुक्यातल्या तांड्यावरची. गोर बंजारा. फुलसावंगीच्या बाजारातून पायी निघालं तर तासाभरात आमचा तांडा येते. एकवीस वर्षं झाले, तांड्याच्या अंगणवाडीत सेविका हाय मी. कविताले नागपूरले नर्सिंग शिकवलं. तिथंच तिचं यवतमाळच्या एका वकिलाच्या पोराशी जुळलं. लग्न कोर्टात झालं, जेवण हॉलमधी. "तांड्यातले जास्त आणू नका, हॉल लहान आहे," असा निरोप आलता. आम्ही दोघंच गेलतो. लग्न झालं का दोघं इंग्लंडले गेले.

पहिले दर ऐतवारी व्हिडिओवर दिसे. बाप गेला तवाही तिले येता नाही आलं, फोनवरच रडली. मग व्हिडिओ बंद झाला, नुसता आवाज. मग आवाजही आखूड झाला. पहिले "याडी" म्हणे मले, आमच्या बोलीत मायले याडी म्हणतात. मग "आई" झालं. मी इचारलं, "रडून राह्यली काय वं?" तर म्हणे, "नाही, सर्दी आहे." चार महिने सर्दी कोणाले राह्यते? दिवस राह्यल्याचं तिनं सांगतलं ते पण चोरून बोलावं तसं. मागून कोणाचा तरी पाय वाजला आन् फोन बंद. मले तवाच भेव वाटलं. म्हणलं, काही झालं तरी मले जायाचं. पोरीच्या पहिल्या बाळंतपणात माय उशाशी पाह्यजे.

पण मी आधीच दोनदा नाकारलेली होती. नवरा गेल्यावर तिले नुसतं भेटाले म्हणून अर्ज केलते.

पहिला अर्ज आमच्या शहाणपणानं पडला. आमच्यात जुनी रीत हाय. माणूस लांब निघाला का तांड्याचा मुखिया, नायक, चार लोकायले बोलावते आन् इचारते, याच्यावर कोणाचा राग हाय काय? कोणाचं काम अडकलं काय? सारे नाही म्हणले का वाट मोकळी. आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरत, तवापासूनची रीत. नायकानं मोठ्या मानानं ते कागदावर लिहून देलं, वर शिक्का मारला. "ह्या बाईचं तांड्यात कोणतंही काम मागं उरलेलं नाही. तिला कोणी अडवणार नाही. ती मोकळी आहे." मीच हौसेनं म्हणलं, हे इंग्रजी करून जोडा. वाटलं, साहेब म्हणन, काय मानाची बाई हाय!

उत्तर आलं का, ही बाई परत जाईन याचा भरोसा वाटत नाही.

यवतमाळचा एजंट ते पत्र साऱ्या गिऱ्हाइकांसमोर वाचून हसला. "अहो बाई, तुमच्या नायकानंच तुमचा पत्ता कापला की! मोकळी आहे म्हणे. मोकळ्या बाईला कोण देतो व्हिसा?" बाकावरचे लोकही हसले. मी पदर सावरून बसली. काहून सावरला, काही पडला नव्हता.

दुसऱ्या अर्जात सारं त्याच्या मनानं केलं. म्हणे, "अंगणवाडी सेविका लिहायचं नाही, हलकं दिसतं. गृहिणी लिहा." फोटोत हातावरचं गोंदण दिसते म्हणून लांब बाह्यांचा ब्लाउज शिवाले लावला. तिथल्या चार पुलांचे न् राजवाड्याचे नाव पाठ कराले लावले. "कोणी विचारलं तर फिरायला चाललो म्हणायचं." मी पोरासारखे नाव घोकले. तोही अर्ज पडला. इथं हिचं काहीच नाही, मग ही परत कायले येईन, असं त्यायचं म्हणणं. एजंटनं माही नोकरीच लपवली होती, जे एक होतं तेच.

तिसरा अर्ज मी एजंटकडं नेलाच नाही. महागावात एक पोरगी फॉर्म भरून देते, तिच्यापाशी बसली आन् म्हणलं, जे हाय ते लिही. बंजारा. विधवा. अंगणवाडी सेविका. पोरीच्या बाळंतपणाले भेट, मग परत. जावयानं पाठवलेलं बोलावण्याचं पत्र जोडलं, सुपरवायझर बाईचं रजेचं पत्र जोडलं, अमुक तारखेले कामावर हजर व्हावं असं त्यात लिहेल होतं. पटावर बत्तीस लेकरं होते, त्यायचीही यादी जोडली. पोरगी हसली, पण जोडली तिनं.

व्हिसा भेटला. खरं लिहिलं आन् भेटला! सारा तांडा नाचला बाप्पा. मले वाटलं, आता लपवायचं काही राह्यलं नाही. कसची बुद्धी!

विमानतळावर कविता दिसली आन् मी धावत गेली. आमच्या बाया वर्षांनी भेटल्या का गळ्यात पडून सुरात रडतात. दुःख, याद, गेलेलं माणूस, सारं त्या रडण्यात सांगतात. मीही सूर धरला. बापाचं नाव घेतलं. तसं तिचं अंग लाकडासारखं झालं.

"आई, बंद कर. लोक बघतायत."

मी बंद केलं. जावई समोर पाहून गाडी चालवत होता.

विहीण दोन महिने आधीच आलती. तिले पहिल्याच अर्जाले व्हिसा. घरात शिरल्या शिरल्या तिनं हात पुढं केला, "पासपोर्ट द्या इकडे, जपून ठेवते." देला मी. तिनं तो कपाटात ठेवून किल्ली फिरवली. मग एक लांब बाह्यांचा स्वेटर देला. "घालूनच ठेवा. इथे थंडी असते." घरात हिटर असा चाले का घाम फुटे, पण स्वेटर काढला का ती पाहे. निजाले मले धुण्याच्या मशीनच्या बाजूले गादी देली. मी भांडे घासले, पोळ्या लाटल्या, पोरीचे पाय चेपाले बसली का विहीण हाक मारे, "जरा ओटा पुसून घ्या हो." आपल्या पोरीच्या घरचं काम, त्यात कायचा कमीपणा, असं मी मनाले समजावत होती. पण आठव्या दिवशी कविताच्या मैत्रिणीचा फोन आला तवा मी भिंतीआडून ऐकलं. कविता म्हणे, "माझे आईबाबा दोघेही नाहीत गं."

माह्या हातातली उलथणी तशीच राह्यली. पोळी जळाली. मी जित्ती होती आन् माह्या पोरीनं मले मारून टाकलं होतं.

मी तिले एकटीले गाठलं. "काहून वं छोरी?" तिनं दार लोटलं. "हळू बोल. सासूबाईंनीच सगळ्यांना तसं सांगितलंय. मी आता कशी बदलू? बाळ होऊ दे, मग बघू." तिच्या डोळ्यांत भेव होतं. माह्या पोरीच्या डोळ्यांत, जी तांड्यात मधमाशीच्या पोळ्याले हात घाले!

विहिणीनं ते ताडलं. भाजी निवडता निवडता मले म्हणाली, एकदम गोड आवाजात, "बोलावण्याचं पत्र आमच्या सहीचं आहे, लक्षात असू द्या. एक मेल केला की झालं." मी समजली. बोलली तर बाळंतपण गेलं. नातवंडाचं तोंड गेलं. म्हणून गप बसली. एकवीस दिवस गप बसली.

आन् मग तो डोहाळेजेवणाचा दिवस. कप गोळा झाले. ओटी भरायची वेळ झाली. विहीण माह्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुम्ही आत बसा. सवाष्णींचं आहे."

मी आत गेली. ओट्यापाशी उभी राह्यली. हॉलमधून हसण्याचा आवाज येऊन राह्यला होता. आन् माह्या डोक्यात असा सणका उठला का काय सांगू! नऊ महिने हिले म्या पोटात ठेवलं. पाठीवर बांधून कापूस येचला. हिच्या बापानं हिच्या फीच्या कर्जापायी त्या पऱ्हाटीत जीव घातला. आन् ज्या बायायले हिच्या गावाचं नाव माहीत नाही त्या हिची ओटी भरून राह्यल्या, आन् मी मेलेली? मरो तो व्हिसा.

स्वेटर काढून मी तिथंच फेकला. हॉलमधी गेली. ताटातले तांदूळ ओंजळीत घेतले. साऱ्या बाया गोंदलेल्या हाताकडं पाहाले लागल्या.

"मी कामाची बाई नाही," म्हणलं. "मी हिची माय होय. तांड्यावरची. विधवा हाव. हिचा बाप शेतकरी होता आन् फवारणीनं मेला."

विहिणीचं तोंड पांढरं पडलं. मी पोरीसमोर वाकली. "म तारी याडी छू," म्हणलं, तिच्याच बोलीत, तुझी माय हाव म्हणून. "पदर धर."

तिचे हात मांडीवर होते. मुठी आवळलेल्या. मी वाट पाह्यली. तिच्या डोळ्यांतून पाणी पडे, पण मुठी सुटल्या नाही. माह्या ओंजळीतले तांदूळ तिच्या मांडीवरून घसरून गालिच्यावर सांडले. तिनं पदर नाही धरला.

"आई," ती म्हणाली, "आत जा."

आत नाही गेली मी. एक खुर्ची ओढली आन् साऱ्या बायांच्या मधात बसली. त्या उठून जाईपर्यंत बसली. कोट घालता घालता एकीनं फक्त माह्या खांद्यावर हात ठेवला आन् बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी जावयानं तिकीट बदललं. विहिणीनं पासपोर्ट टेबलावर टाकला. "पुढच्या वेळी कसा व्हिसा मिळतो तेच बघते मी." कविता दारात उभी होती, पोटावर हात ठेवून. म्हणाली, "दोन महिने सहन करता आलं नसतं का तुला?" मी पासपोर्ट उचलला. माह्याजवळ होतं उत्तर, पण पोटुशी होती ती.

नात झाल्याचं मले बारा दिवसांनी कळलं. तवा मी अंगणवाडीत लेकरांचं वजन करत होती. फोनवर कविता होती, मागं लहान रडण्याचा आवाज. मी पाळण्याच्या काट्याले धरून उभी राह्यली.

"आई, त्यांना एकदा सॉरी म्हण. एक शब्द. मग तुझे जावई बोलावण्याचं पत्र पाठवतील. तू ये, बाळ बघ."

"आन् पोरीले काय सांगसीन, मी कोण?"

बाळ रडतच होतं. मग कविता म्हणाली, "ती मोठी झाल्यावर बघू."

"नाही," म्हणलं मी, आन् फोन ठेवला. ठेवला आन् हमसून रडली, लेकरांसमोर. नातीचा आवाज ऐकून कोणत्या आजीचं काळीज फाटत नाही?

पण माफी मी मागणार नाही. त्यायच्या पत्राचीही वाट पाहणार नाही. चौथा अर्ज भरला हाय, कोणाच्याही सहीशिवाय. कायले जाता, या रकान्यात लिहिलं, फिराले. नाकारला तर पाचवा भरीन. नाकारा किती नाकारता ते. भेटन तवा परक्या पर्यटकासारखी जाईन, भाड्याच्या खोलीत उतरीन, आन् रोज सकाळी त्या घराच्या समोरच्या रस्त्यावर उभी राहीन. रस्ता काही विहिणीचा नाही. एक ना एक दिवस माही नात बोलाएवढी होईन, खिडकीत येईन आन् मायले इचारन, ती बाई कोण होय? त्या दिवशी कविताले तोंड उघडा लागन. उघडलं नाही तर दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिथंच उभी असन.