एका हातातली बांगडी

नांदेडच्या घरी परवा जुनी पेटी उघडली आणि सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास आला. आत आमच्या हातमागावरची शेवटची चादर होती. तिच्या कोपऱ्यात घराण्याचा ठसा: तुटलेला धागा जोडणारे दोन हात.

लहानपणी मला त्या ठशाची लाज वाटायची. इतर विणकरांच्या ठशांवर वाघ असायचे, मुकुट असायचे. त्यात आमच्या ठशातल्या दोन हातांपैकी एकाच हातात बांगडी.

“अब्बा, ठसा कोरणारा चुकला,” मी म्हणाले.

अब्बांनी माग थांबवला. “चुकला न्हाई. उजव्या हातातली बांगडी सुतात अडकती, म्हून तुझी अम्मी काढून ठेवती. सूत तुटलं की जोडती तीच.”

तरी मला वाघच हवा होता.

अम्मीला सही येत नव्हती. पण औसा-लातूरच्या बाजारात गेलेल्या आमच्या प्रत्येक चादरीवर तिचीच सही होती.