समोर नसलेल्यांची वकील

वकीलबाईंच्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून सरकारात वकील आहे. नेमकं काय करते ते मात्र विचारू नका. मी विचारलं, तर म्हणाली कागद वाचते. आता कागद तर मीही वाचते!" शेजारणी हसायच्या, सासूबाईही हसायच्या, आणि आतल्या खोलीत मुलीच्या वेण्या घालणाऱ्या वकीलबाई तोंडातून अवाक्षर काढायच्या नाहीत.

सासूबाईंचं तसं काही चुकत नव्हतं. गुप्तवार्ता खात्याच्या कायदा शाखेत वकीलबाईंनी सव्वीस वर्षं कागदच वाचले. कोणाचा फोन ऐकायचा, कोणाची पत्रं उघडायची, कोणाच्या घरावर नजर ठेवायची, अशा प्रत्येक अर्जावर खात्याच्या वकिलाची सही लागायची. सही झाली की अर्ज पुढे न्यायाधीशांकडे जायचा, आणि तिथून तो क्वचितच परत यायचा. म्हणजे खरी चाळणी ती दुसऱ्या मजल्यावरची. दारावर पाटी नसलेली खोली, दुधी काचेची एक खिडकी, भिंतीला लागून लोखंडी कपाटं आणि समोरासमोर दोन टेबलं. फाटकावर पर्स जमा करायची, पितळी बिल्ला घ्यायचा आणि वर जायचं. आज निवृत्तीला चार वर्षं झाली, तरी बाहेर पडताना वकीलबाईंचा हात आपोआप पर्स पुढे करतो, आणि मग त्या स्वतःशीच हसतात.

त्यांना सगळ्यात जास्त आठवतं ते समोरचं टेबल. तिथे थोरले वकील बसायचे. अख्खं खातं त्यांना पाठीमागे 'स्वल्पविराम' म्हणायचं, कारण एका स्वल्पविरामासाठी ते फाइल दोन मजले खाली परत पाठवत. बत्तीस वर्षांच्या वकीलबाई कोर्टातली सहा वर्षांची वकिली सोडून आल्या, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी एक अर्ज पुढे सरकवला.

"वाचा. काय दिसतं सांगा."

बाईंनी तो दोनदा वाचला. "सगळं बरोबर आहे, सर. कलम आहे, मुदत आहे, सह्या आहेत."

"आणि माणूस?"

"कोणता माणूस?"

"ज्याचा फोन ऐकायचा तो. दिसला का कुठे?"

बाई गोंधळल्या. थोरल्या वकिलांनी पेन्सिल कानामागे खोचली. "कोर्टात तुमच्या समोर दुसरा वकील उभा असायचा. तुम्ही एक म्हटलं की तो दोन म्हणायचा. इथे समोर कोणी नाही. ज्याच्याबद्दल अर्ज आहे, त्याला अर्जाचा पत्ताच नाही. मग त्याच्या बाजूनं भांडणार कोण?"

"कोण?"

"तुम्हीच. आधी त्याचं वकीलपत्र घ्या, त्याच्यासाठी कडाकडा भांडा. त्यातूनही अर्ज टिकला, तर आपल्या खात्याची सही करा."

अशी आठ वर्षं गेली. दुपारी दीड वाजता दोघं डबे उघडायचे, आणि डब्याच्या झाकणावर पेन्सिल आपटत थोरले वकील जुने अर्ज सोलून दाखवायचे. कोण कसा थापा मारतो, 'विश्वसनीय माहितीनुसार' या दोन शब्दांच्या आड किती आळस दडलेला असतो, हे बाई तिथेच शिकल्या. थोरले वकील निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी आपलं टेबल स्वतः पुसलं आणि खुर्ची बाईंच्या बाजूला फिरवून ठेवली. "इथे कोणी बसवू नका लगेच," म्हणाले. "काही दिवस रिकामीच राहू द्या. रिकाम्या खुर्चीकडे बघून सही करा."

खात्यात बाईंशी सगळ्यात जास्त कोणाची जुंपायची, तर वादळसाहेबांची. बाहेर माणसांवर नजर ठेवणाऱ्या पथकाचे हे प्रमुख. दार न वाजवता आत यायचे, बसायच्या आधी बोलायला लागायचे, म्हणून हे नाव.

"बाई, तुमच्या एका शेऱ्यापायी माझी माणसं आठ दिवस उन्हात बसलीत."

"त्यांना छत्र्या द्या. सही मिळणार नाही."

"उद्या काही विपरीत झालं तर?"

"तर मला विचारा. आज मात्र कारण लिहून आणा."

ते तणतणत जायचे आणि तासाभरानं कारण लिहून आणायचे. भांडण व्हायचं ते कागदापुरतं. बाईंच्या सासूबाई आजारी पडल्या, तेव्हा ओळखीच्या डॉक्टरांना सकाळी सातला घेऊन येणारे वादळसाहेबच होते. सासूबाईंना त्यांनी "मी वहिनींच्या ऑफिसात कागद ने-आण करतो," असं सांगितलं. म्हातारीचा जीव भांड्यात पडला. सुनेच्या ऑफिसात निदान कागद ने-आण करायला तरी माणूस आहे, म्हणाली!

मग अकराव्या वर्षी ती चूक झाली.

त्या दिवशी पाच वाजता लेकीच्या शाळेत गाण्याचा कार्यक्रम होता. लेक दहा वर्षांची, पहिल्यांदाच एकटी गाणार होती. आदल्या वर्षी बाई पोचल्या नव्हत्या आणि लेकीनं दोन दिवस अबोला धरला होता. सव्वाचारला वादळसाहेब आले. पथक ज्याच्या मागावर होतं, तो इसम पंधरा दिवसांत तीनदा एका पुस्तकबांधणीच्या दुकानात गेला होता आणि दर वेळी हातात गठ्ठा होता. दुकानदाराचा फोन ऐकायचा होता, साठ दिवस.

बाईंनी अर्ज वाचला. कारण पातळ होतं. माणूस बांधणीवाल्याकडे गठ्ठा नेईल नाही तर काय नेईल? हा प्रश्न त्यांच्या जिभेवर आला होता. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. समोरच्या खुर्चीकडे पाहायचं राहून गेलं. त्यांनी सही केली, फाटकावरून पर्स घेतली आणि पाच वाजायला दोन मिनिटं असताना शाळेच्या सभागृहात पोचल्या. लेकीचा आवाज पहिल्या ओळीला कापला, मग लागला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. फार आनंदाची संध्याकाळ होती ती.

दोन महिन्यांनी तीच फाइल मुदतवाढीसाठी टेबलावर आली. सोबत दोनशे बारा पानं, साठ दिवसांची लिहून काढलेली संभाषणं. वादळसाहेबांनी मुदतवाढीचं कारण ठासून लिहिलं होतं: हा दुकानदार रोज सकाळी नऊ वाजता एका बाईला फोन करून वर्तमानपत्र वाचून दाखवतो, पण काही बातम्या गाळतो. ही सांकेतिक भाषा असण्याची शक्यता आहे.

बाईंनी दार लावून घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

फोनच्या दुसऱ्या टोकाला बांधणीवाल्याची थोरली बहीण होती. तिची नजर अधू झाली होती. दुकान उघडलं की तो तिला पेपर वाचून दाखवायचा. मधेच ती विचारायची, "गुडघ्याचं तेल आणलंस का?" तो म्हणायचा, "आणलंय, ताई, किती वेळा विचारशील?" संभाषण लिहून घेणाऱ्या लेखनिक मॅडमच्या समोरही तोच पेपर असावा. समासात त्यांनी पेन्सिलीनं नोंदवलं होतं: 'अपघाताची बातमी गाळली.' 'आगीची बातमी गाळली.' 'पूर ओसरला असं वाचलं. छापलेल्या बातमीत तसं नाही.'

सांकेतिक भाषा कसली आलीय! बहिणीला त्रास होऊ नये म्हणून भाऊ जगाची पडझड तिच्यापासून लपवत होता.

आणि ज्याच्यावर पाळत होती, त्याचे या दुकानात मिळून दोनच फोन. गठ्ठ्यांत त्याच्या गेलेल्या बायकोची पत्रं होती, वर्षवार बांधून घ्यायची. पुठ्ठ्याला कोणता रंग लावू, असं बांधणीवाल्यानं विचारलं होतं. पलीकडून एकच शब्द, "निळा". एवढंच.

बाईंनी ती दोनशे बारा पानं संपवली तेव्हा चहाचा कप तसाच गार पडला होता. एका परक्या माणसाची साठ सकाळींची माया त्यांनी चोरून वाचली होती, आणि दार उघडून दिलं होतं त्यांच्याच सहीनं. त्यांनी मुदतवाढ नाकारली. शेऱ्याखाली आणखी दोन ओळी लिहिल्या: 'मूळ अर्जावर सही करताना मी कारणाची पुरेशी छाननी केली नाही. चूक माझी आहे.'

दुसऱ्या दिवशी संचालकांनी बोलावलं. ते आवाज न चढवता म्हणाले, "हे कागदावर कशाला आणलंत? मला येऊन सांगायचं, मी समजून घेतलं असतं."

"तुम्ही समजून घेतलं असतं, सर. पण माझ्या जागी उद्या जो येईल त्याला कसं समजणार?"

"तुमच्या बढतीची फाइल माझ्याकडेच आहे, ठाऊक आहे ना?"

"हो, सर."

बढती तीन वर्षं लांबली. बाईंनी घरी काही सांगितलं नाही. नवऱ्यानं एकदा विचारलं, "ऑफिसात सगळं ठीक ना?" त्यावर "कागद जास्त आहेत" म्हणाल्या.

ती पानं नियमाप्रमाणे नष्ट करायची होती. तळघरातल्या कागद कापायच्या यंत्रापाशी बाई आणि वादळसाहेब उभे होते. साहेब एकेक पान सरकवत होते. शंभरेक पानं झाली असतील, ते एकदम थांबले.

"बाई, फोन ऐकणाऱ्या आमच्या लेखनिक मॅडम आहेत ना, त्या काल विचारत होत्या, आता नऊ वाजता काय करायचं? त्यांना त्या बातम्यांची सवय लागली होती. म्हणाल्या, पेपरापेक्षा बऱ्या असायच्या."

दोघंही हसले नाहीत.

त्यानंतर बाईंनी एक नवाच कागद सुरू केला. अर्जाच्या आधी एक कोरं पान, वर फक्त 'या माणसाच्या बाजूनं' एवढंच छापलेलं. अर्ज आणणाऱ्या अधिकाऱ्यानं त्यावर स्वतःच्या हातानं पाच ओळी लिहायच्या, त्याशिवाय बाई फाइल उघडणार नाहीत. खात्यात बोंबाबोंब झाली. कोणी लिहिलं, 'या माणसाला बाजू नाही.' बाईंनी तो अर्ज बाजूला ठेवून दिला, आणि पाचव्या दिवशी त्याला पाच ओळी फुटल्या. हळूहळू हात वळले. दोनेक वर्षांनी एके दिवशी वादळसाहेब आले ते चक्क दार वाजवून, आणि हात हलवत.

"अर्ज कुठाय?" बाईंनी विचारलं.

"फाडला. पाच ओळी लिहायला बसलो, चौथ्या ओळीला कळलं की आपल्याकडे काहीच नाही." मग जरा घुटमळून म्हणाले, "चहा मागवा, बाई. आज भांडायला काही नाही, तर करमेना."

बाई आजही म्हणतात, मनातल्या मनात अर्थात, की खरी बढती मिळाली ती त्या दुपारी.

थोरले वकील मागच्या वर्षी गेले. त्यांच्या मुलानं बाईंना एक जाडजूड कायद्याचं पुस्तक आणून दिलं. शिवण उसवलेली, समासासमासात पेन्सिलीचे शेरे. बाईंनी ते बांधून घ्यायचं ठरवलं. गावात बांधणीवाले चार होते. तीन आठवडे मनाशी घोळ घातल्यावर एका सकाळी त्या त्याच दुकानात गेल्या. पत्ता विचारावा लागला नाही.

दुकान होतं त्यापेक्षा लहान निघालं, म्हणजे त्यांच्या कल्पनेत होतं त्यापेक्षा. खळीचा वास, दाबाखाली ठेवलेल्या वह्या आणि जाड चष्म्याचा एक म्हातारा. त्यानं पुस्तक हातात घेऊन पानं मोजल्यासारखी अंगठ्याखालून सोडली.

"कोणाचं हे? फार वापरलंय."

"माझ्या सरांचं."

"शेरे कापले जाणार नाहीत, काळजी करू नका. मी कडा छाटणारच नाही." त्यानं सुईत दोरा ओवला. "माझ्या ताईलाही वाचायची फार आवड. नंतर नजर गेली, मग मी वाचून दाखवायचो. दोन वर्षं झाली तिला जाऊन."

बाई हातातल्या रिकाम्या पिशवीची घडी घालू लागल्या. त्या ताईचा खोकला, तिचं गुडघ्याचं तेल, तिचं "पुढे वाच ना रे" हे सगळं त्यांना पाठ होतं. आणि तिला सख्ख्या बहिणीसारखं ओळखत असूनही, तिच्याबद्दल आज पहिल्यांदाच कानावर पडतंय असा चेहरा त्यांना करावा लागला.

"ताई… मोठ्या होत्या का?" त्यांनी विचारलं.

"आठ वर्षांनी. आईसारखीच." त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "बसा ना. घाईत नाही ना तुम्ही?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मला काही घाई नाही."

त्या स्टुलावर बसल्या. बांधणीवाला शिवत राहिला आणि ताईबद्दल बोलत राहिला. ती लहानपणी पोहायची कशी, एकदा त्याच्या मास्तरांशी भांडायला शाळेत कशी गेली, शेवटच्या दिवसांत तिला आवाजावरून माणसं कशी ओळखू यायची. यातलं काहीही त्या दोनशे बारा पानांत नव्हतं. तो आपणहून सांगत होता, आणि बाई ऐकत होत्या.